नाशिकहून चार दिवस सायकलवर: किल्ले, गढ्या आणि गोदाकाठची गावं

तुम्ही लिहिलंय की तुमचं वय चोपन्न, वहिनी पन्नाशीच्या, दोघांकडे साध्या गिअरच्या हायब्रिड सायकली आहेत आणि रोज सकाळी इंदिरानगरहून वीस-बावीस किलोमीटर होतात. भाच्याने फ्रान्समधून ल्वार नदीकाठच्या सायकल सहलीचे फोटो पाठवले: नदी, द्राक्षमळे, जुनी गावं, मधूनच एखादा राजवाडा. असं काही नाशिकच्या आसपास जानेवारीत चार दिवसांत जमेल का, दिवसाला किती किलोमीटर धरावेत, सायकल नवी घ्यावी लागेल का, असे तुमचे प्रश्न. सोबत किल्ल्यांची यादी दिली आहे: रामशेज, अंजनेरी, हरिहर, धोडप आणि जमल्यास साल्हेर. आणि अगदी शेवटी, जाता जाता, वहिनींचा उजवा गुडघा जिने उतरताना कुरकुरतो असंही लिहिलंय. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती शेवटची आहे.

गेली सोळा वर्षं मी नाशिकमधून सहा-आठ जणांचे छोटे गट सायकलवर बाहेर नेते. बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीतले, निम्म्याहून जास्त बायका. नाशिकला सायकलचं वेड मोठं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. दरवर्षी इथून पंढरपूरला सायकल वारी जाते. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण त्यामुळे आपल्याला एक सवय लागली आहे, सायकल म्हटलं की आधी ‘किती किलोमीटर?’ विचारायची. तुमच्या सहलीत हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की किल्ला कुठे बांधलेला असतो आणि का.

भाच्याच्या फोटोत जे दिसतात ते बहुतेक राजेरजवाड्यांनी राहण्यासाठी बांधलेले किंवा वाढवलेले महाल आहेत. राहायचं तर पाणी, बाग, शिकारीचं रान जवळ लागतं, म्हणून ते सपाटीवर, नदीच्या आसपास आहेत. तिथली सुमारे ९०० किलोमीटरची आखलेली सायकलवाट नदीची सोबत न सोडता त्यांच्या दारांवरून जाऊ शकते ती यामुळे. आपले किल्ले वाटा राखण्यासाठी आहेत. सातमाळ्याची रांग म्हणजे गोदावरीचं खोरं आणि उत्तरेचा गिरणेचा प्रदेश यांच्यामधली भिंत. तिच्या खिंडींवर नजर ठेवायला अहिवंत, अचला, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, इंद्राई, चांदवड असे पहारेकरी उभे केले. सुरतेहून परतताना ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांची मोगल सरदार दाऊदखानाशी लढाई झाली ती याच रांगेच्या कांचनबारी खिंडीजवळ. शत्रूची दमछाक होईल अशीच जागा शोधून हे गड बांधलेत. सायकलवरून आलेल्या माणसाचीही तिथे दमछाकच होणार.

तेव्हा ल्वारकाठच्या वाड्यांसारखं आपल्याकडे काय आहे ते गडावर शोधू नका, गावात शोधा. सरदाराचा वाडा, गढीचा बुरूज, गावाची वेस, नदीचा घाट, पाण्याकाठचं देऊळ. पेशवाईत नाशिकच्या पूर्वेला गोदाकाठी मोठमोठी घराणी नांदली आणि त्यांच्या खुणा अजून उभ्या आहेत. हे सगळं सपाटीवर आहे आणि सायकलला जोडून घेतल्यासारखं एका ओळीत आहे. म्हणून माझं मत असं: चार दिवसांत गड एकच चढा, बाकीचे क्षितिजावर राहू द्या, आणि दिवसाचा वेळ गावांना द्या.

हे मत मी पुस्तकात वाचून बनवलेलं नाही. सुरुवातीच्या काळात मीही तुमच्यासारखीच यादी करायचे. एकदा सात जणांना घेऊन सायकलने त्र्यंबकमार्गे हर्षेवाडीला गेले आणि त्याच दिवशी हरिहर चढवला. चढताना सगळे खुशीत होते. त्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या उतरायची वेळ आली तेव्हा गटातल्या एका ताईंच्या मांड्या थरथरायला लागल्या. एका पायरीवर बसून राहिल्या, वर जाता येईना की खाली. एकेक पायरी हाताने धरून आम्ही त्यांना उतरवलं. नीट घरी पोचलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. नंतर एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने समजावलं ते तुमच्या उपयोगाचं आहे. सायकल चालवताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. जिना उतरताना तोच स्नायू ताणला जात ब्रेकचं काम करतो. चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर तो थकलेला असतो, ब्रेक लागत नाही आणि सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. म्हणजे वहिनींचा गुडघा ज्या कामाला कुरकुरतो, नेमकं तेच काम दमल्यावर करायला लावणं. गड असेल तर तो सकाळी, ताज्या पायांनी आणि सायकलचा मोठा टप्पा त्यानंतर. हा नियम मी त्या दिवसापासून कधी मोडलेला नाही.

आता दिशेचं. नाशिकच्या पश्चिमेला सह्याद्री: त्र्यंबक, घोटी, इगतपुरी. देखणा भाग, पण चढ-उतार पाठ सोडत नाहीत. उत्तरेला दिंडोरी-वणीकडे द्राक्षांचा सुंदर मुलूख आहे. रस्ता मात्र सातमाळ्याच्या दिशेने हळूहळू चढत जातो. दक्षिणेला सिन्नर. तिथलं गोंदेश्वराचं पंचायतन देऊळ यादवकालीन, महाराष्ट्रातल्या अतिशय सुंदर देवळांपैकी एक आहे, पण पुणे महामार्गाची वर्दळ लांबच्या सायकलप्रवासाला नवख्या जोडीला नको. भगूर-पांढुर्लीवरून मागच्या वाटेने जाता येतं, तो वेगळ्या रविवारचा बेत ठेवा. भगूरला सावरकरांचा जन्मवाडाही बघून होईल. चार दिवसांसाठी मी पूर्वच सुचवेन. गोदावरी तिकडे वाहते, जमीन नदीबरोबर अगदी हळू उतरते, आणि जानेवारीत सकाळचा वारा साधारण पूर्वेकडून येत असला तरी मंद असतो. जाताना थोडा तोंडावर घ्याल, परतताना तोच पाठीशी. हाच बेत एप्रिलमध्ये केलात तर दुपारचा पश्चिमेचा वारा घरी येताना जीव काढेल.

किलोमीटरचा हिशोब असा करते. तुमच्यासारखी जोडी सामानासह ताशी बारा-तेरा किलोमीटरने जाते. पन्नास किलोमीटर म्हणजे चालत्या चाकावरचे चार तास. त्यात चहा, पाणी, फोटो, वाट विचारणं यांचा तास-दीड तास. जानेवारीत साडेसातच्या आधी निघू नये, कारण निफाड पट्ट्यात तेव्हा राज्यातली कडाक्याची थंडी पडते आणि नदीकाठी धुकं असलं की समोरच्या ट्रॉलीला तुम्ही दिसत नाही. साडेसातला निघून दीडपर्यंत मुक्कामी पोचलात की जेवून, तासभर पडून, उन्हं उतरताना गाव पायी बघायला मोकळे. सत्तर किलोमीटर ठेवलेत तर गाव बघायची वेळ रस्त्यावर जाते आणि वाड्याच्या दारात पोचेपर्यंत आत जायची इच्छा उरत नाही. म्हणून पंचेचाळीस ते पंचावन्न, त्याहून जास्त नको.

पहिला दिवस पंचवटीतून, काळारामाच्या पूर्व दरवाजातून सुरू करा. ही जागा मी मुद्दाम सांगते. इथे २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. आणि तुमचा दुसऱ्या दिवसाचा मुक्काम येवल्याला आहे, जिथे १३ ऑक्टोबर १९३५ च्या परिषदेत त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पाच वर्षांचं ते अंतर तुम्ही दोन दिवसांत, स्वतःच्या पायांनी, एकाच रस्त्यावरून कापणार आहात. मोटारीने हा रस्ता दीड-दोन तासांत संपतो आणि या दोन जागा एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे लक्षातही येत नाही. सायकलवर येतं.

नांदूर नाक्यावरून संभाजीनगरचा रस्ता धरला की माडसांगवी, ओढा, लाखलगाव अशी गावं लागतात. काळारामाचं आजचं मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधणारे सरदार रंगराव ओढेकर. त्यांच्या आडनावातलं ओढा ते हेच. पुढे साधारण पंचविसाव्या किलोमीटरला चांदोरी. इथे घाई करू नका. दिल्ली दरबारात पेशव्यांची वकिली करणारं हिंगणे घराणं चांदोरीचं. उत्तरेच्या राजकारणाची किती खलबतं या घराण्याने पुण्याला लिहून कळवली, आणि त्यांचा वाडा आपल्या शेजारी आहे! गावातून नदीवर उतरा. पात्रात पेशवेकालीन देवळं आहेत. पाणी खाली गेलं की उन्हाळ्यात उघडी पडतात, जानेवारीत बरीचशी बुडालेली किंवा नुसता कळस वर अशी दिसतात. पलीकडच्या तीरावर सायखेडा. ही दोन्ही गावं महापुराने होरपळलेली आहेत. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं हे कुणालाही विचारा, भिंतीवर हात ठेवून दाखवतील. तेवढ्या एका प्रश्नावर मला चांदोरीत चहा मिळाला आहे आणि जुन्या घराची माडीही बघायला मिळाली आहे.

चांदोरीहून आडवाटेने चापडगाव आणि नांदूरमध्यमेश्वर. दिवसाचे एकूण सुमारे पंचेचाळीस किलोमीटर होतात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला, त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, आणि त्या गाळातून उथळ पाण्याची, बेटांची, पाणवनस्पतींची जागा तयार झाली. पक्ष्यांना नेमकं हेच हवं असतं. २०१९ साली हे महाराष्ट्रातलं पहिलं ‘रामसर’, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ ठरलं. जानेवारीत तिथे थव्याने बदकं उतरलेली असतात, चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या सहज दिसतात, नशीब असेल तर रोहित आणि क्रौंचही. मुक्कामासाठी चापडगावला वनखात्याची सोय आहे, फोन करून जागा पक्की केल्याशिवाय निघू नका. संध्याकाळी नदीतलं मध्यमेश्वराचं देऊळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी असं ठेवा. सकाळी दुर्बिणीला डोळा लावल्यावर निघायला नऊ वाजतात, ते वाजू द्या.

दुसरा दिवस विंचूरमार्गे येवला, पन्नासच्या आत. विंचूर हे विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं ठाणं. १७६१ च्या पानिपतावर ते होते आणि तिथून जिवंत परत आलेल्या मोजक्या मोठ्या सरदारांत होते. भाच्याच्या ल्वारच्या फोटोंना आपल्याकडचं उत्तर द्यायचं झालं तर मी विंचूरचं नाव देईन: सपाट रान, मध्ये गाव, गावाला तटबंदी, आत वाडा. आज तट बराच ढासळलाय, आत माणसं राहतात, गुरं बांधलेली असतात. म्हणून एक कळकळीची विनंती. ही स्मारकं नाहीत, लोकांची घरं आहेत. उंबऱ्याबाहेर सायकल लावा, हेल्मेट काढा, ‘नाशिकहून आलोय, वाडा बघायला आलोय, बाहेरून बघितला तर चालेल का?’ एवढं विचारा. आत बोलावलं तर जा. वहिनींनी विचारलं तर आणखी चांगलं. माझा अनुभव आहे की बाईने विचारलं की घरातल्या बाया बाहेर येतात आणि खरी माहिती त्यांच्याकडून मिळते. माजघरात कुणाचा फोटो काढायच्या आधी पुन्हा विचारा.

विंचूर ते येवला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर मोठ्या रस्त्याने आहेत, तेवढा पट्टा कंटाळवाणा. डोकं खाली घालून उरकायचा. येवल्यात मात्र संध्याकाळ पुरणार नाही. दुपारचे तीन वाजले की विणकरांच्या गल्लीत शिरा. घराघरात मागाची ठकठक ऐकू येते. पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा का दिसतो, हे धोटा फिरताना डोळ्यांसमोर बघितल्याशिवाय कळत नाही. विकत घ्यायची सक्ती कुणी करत नाही, पण एखाद्याने अर्धा तास काम थांबवून दाखवलं तर त्याच्या वेळेची किंमत ओळखा. तात्या टोपे जन्मले ते याच गावी. आणि मुक्तिभूमीला, म्हणजे १९३५ च्या त्या घोषणेच्या जागी, जाऊन या. काळारामाच्या दारातून निघालेला प्रवास तिथे पोचतो.

तिसऱ्या दिवशी तुमचा एकमेव गड, अनकाई. येवल्याहून अठरा-वीस किलोमीटर मनमाडच्या रस्त्याने, हलका चढ, साडेनऊला पायथ्याशी. गावात एखाद्या ओळखीच्या वाटणाऱ्या घरी किंवा देवळाजवळ विचारून सायकली ठेवा, कुलूप लावा, पण पिशव्यांतला मौल्यवान ऐवज अंगावर घ्या. अनकाई आणि टंकाई हे जोडकिल्ले, मध्ये खिंड. मी हाच गड का निवडते ते सांगते. इथे गुडघ्याच्या ताकदीनुसार कुठेही थांबता येतं आणि थांबलं तरी हात रिकामे राहत नाहीत. अगदी खाली, वीसेक मिनिटांच्या पायऱ्यांवर, टंकाईच्या अंगाला जैन लेणी आहेत. त्यांच्या दारांवरचं आणि छतातलं कोरीवकाम बघायला तासही कमी पडतो. गुडघा नाही म्हणाला तर वहिनींनी तिथेच थांबावं. तुम्ही खिंडीतून दरवाजे ओलांडत, कातळातल्या जिन्याने माथ्यावर जाऊन अगस्तींच्या स्थानाशी आणि तळ्यापर्यंत जाऊन या. शहाजहानच्या फौजेने १६३५ मध्ये हा गड घेतला तो लढून नव्हे, किल्लेदाराला फितवून. तो जिना बघितलात की फितुरीची गरज का पडली ते पटेल. वर माकडं आहेत, हातात खाऊची पिशवी नको.

गड उतरलात की मनमाड दहा किलोमीटर. वाटेत हडबीची शेंडी हा अंगठ्यासारखा सुळका बराच वेळ सोबत करतो. मनमाडला गुप्तसर साहिब गुरुद्वाराच्या लंगरमध्ये जेवा, डोक्यावर रुमाल घेऊन आणि पंगतीत बसून. मग चांदवडपर्यंत पंचवीस किलोमीटर. हा दिवस चारातला सगळ्यात जड, म्हणून तो तिसरा ठेवलाय. तोवर पायांना सवय झालेली असते. वहिनींना इथे गाडीत बसावंसं वाटलं तर मनमाडहून पिकअप मिळतो, दोन सायकली आडव्या टाकून अर्ध्या तासात चांदवड. त्यात काहीही कमीपणा नाही.

चांदवडला होळकरांचा रंगमहाल. अहिल्याबाईंच्या काळातला वाडा, लाकडी खांबांची नक्षी, भिंतींवरची चित्रं, आवारातली पायऱ्यांची खोल विहीर. मागे चांदवडचा किल्ला उभा. चार दिवसांत फोटोतल्या फ्रान्सच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा हीच. ती चौथ्या दिवशी सकाळी बघा, संध्याकाळच्या अंधुक उजेडात चित्रं दिसत नाहीत. पोचलेल्या संध्याकाळी रेणुकामातेच्या दर्शनाला जा.

चौथा दिवस चांदवड, लासलगाव, निफाड. चव्वेचाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, बराचसा उतार. लासलगावचा कांद्याचा बाजार प्रसिद्ध आहे, म्हणूनच त्या रस्त्यावर सकाळी नऊपर्यंत कांद्याच्या ट्रॅक्टरांची आणि पिकअपची रांग असते. रंगमहाल बघून दहाला निघालात की ती चुकते. निफाड हे न्यायमूर्ती रानड्यांचं जन्मगाव. तिथे थांबा. निफाडपासून नाशिक अडतीस किलोमीटर आहे आणि तुम्हाला वाटेल की आता घर जवळ आलं, मारू तेवढं. माझ्या गटातले लहानसहान अपघात झाले ते जवळपास सगळे याच वेळी, शेवटच्या दिवशी दुपारनंतर, शहराच्या वेशीवरच्या गर्दीत झाले. निफाडला पिकअप ठरवून ठेवा आणि बसून घरी या.

सायकल नवी घेऊ नका. आहे ती चालेल, फक्त तीन गोष्टी बघा. पहिली, मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला निदान बत्तीस दाते आहेत का. नसतील तर कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलून घ्या, गुडघ्यासाठी तो खर्च सार्थकी लागतो. जड गिअरमध्ये दाबत चालवण्यापेक्षा हलक्या गिअरमध्ये मिनिटाला सत्तरेक फेऱ्या, ही सवय आजपासून लावा. दुसरी, सीटची उंची. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकली की पाय सरळ झाला पाहिजे; मग चवड्याने चालवताना गुडघा जेमतेम वाकलेला राहतो. आपल्याकडे निम्म्या बायका पाय टेकता यावा म्हणून सीट खाली ठेवतात आणि गुडघा दुखतो म्हणून सायकल सोडतात. वहिनींची सीट आजच बघा. तिसरी, टायर. पस्तीस मिलिमीटरच्या आसपासचे, नवेच. कालव्याकाठच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे पडलेले असतात, ते कुठल्याही टायरला सोडत नाहीत. दोघांत मिळून चार जादा ट्यूब, ठिगळांचा संच, हातपंप, अ‍ॅलन पाने घ्या. ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर दहा मिनिटांत नवी ट्यूबही जाईल.

हवेबद्दल एक अनुभव. येवल्याजवळ एका ट्रॅक्टर टायरच्या दुकानात आम्ही हवा भरायला थांबलो. दुकानातल्या पोराने प्रेमाने कॉम्प्रेसरची नळी लावली आणि क्षणात ट्यूब फुटली. टायरची कडही गेली, त्या दिवशी एका सायकलीची सफर तिथेच संपली. कॉम्प्रेसरची हवा घेऊ नका, हातपंपच वापरा. तुमच्या ट्यूबची वाल्व बारीक असेल तर दुकानातली नळी तशीही बसत नाही, छोटा पितळी अडॅप्टर जवळ ठेवा.

सामान पाठीवर नको, कॅरिअरला लटकणाऱ्या पिशव्यांत. माणशी पाच-सहा किलो पुरे: दोन जोड्या कपडे, पहाटेसाठी स्वेटर आणि हातमोजे, ओआरएस, दिवे. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. त्या दिवसांत ऊस कारखान्यांना चाललेला असतो आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ओलांडून जाताना मागची ट्रॉली आत झुलते. मागून त्याचा आवाज आला की सरळ साइडपट्टीवर उतरा. द्राक्षबागेत ब्लोअरने फवारणी चालू दिसली तर तोंडावर रुमाल बांधून वारा जिकडून येतोय त्या बाजूने निघून जा, तिथे फोटोसाठी थांबू नका. आणि बागेतला एक मणीही न विचारता तोडू नका. विचारलंत तर घड हातात मिळेल.

वहिनींच्या सोयीचं सांगायला हवं, कारण पुरुष हे विचारत नाहीत. स्वच्छतागृहासाठी मोठ्या रस्त्यावरचे पेट्रोल पंप आणि येवला, मनमाड, चांदवडची एसटी स्थानकं धरा. आडरस्त्यावर ग्रामपंचायत किंवा शाळेत विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. सोय नाही म्हणून पाणी कमी पिऊ नये. मी नव्या गटाला हे रोज सकाळी बजावते, कारण थंडीत तहान लागत नाही आणि दुपारी डोकं धरतं.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही बोलते. गुडघ्याचं दुखणं जुनं असेल, सूज येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि बेत त्यांच्या शब्दावर ठरवा. अवकाळी पाऊस झाला तर नांदूरमध्यमेश्वरच्या आसपासच्या कच्च्या वाटा सोडून डांबरीनेच जा. काळी माती चाकात आणि मडगार्डमध्ये अशी बसते की सायकल उचलून न्यावी लागते. तिघे-चौघे झालात तर बरं, दोघेच असलात तरी चालेल, हा मुलूख माणुसकीचा आहे. आणि तुमच्या यादीतला धोडप, साल्हेर? ते सोडून द्या असं मी म्हणत नाही. धोडपसाठी पायथ्याच्या हट्टी या गावात आदल्या रात्री मोटारीने जाऊन राहा, सायकल घरी ठेवा. त्या गडांना त्यांचा स्वतंत्र दिवस द्यावा.

तारीख ठरवताना संक्रांतीचा आठवडा टाळा. येवल्याचा पतंगोत्सव तीन दिवस चालतो, अख्खं गाव गच्चीवर असतं, बघण्यासारखाच आहे. पण नायलॉन मांजावर बंदी असूनही तो रस्त्यावर आडवा येतो, आणि दुचाकीवरच्या माणसाच्या गळ्याशी येतो. सण झाल्यावरही चार-सहा दिवस तो झाडांवर, तारांवर लोंबत असतो. वीस जानेवारीनंतर निघा, तरीही येवल्यात शिरताना गळ्याला जाड मफलर असू द्या.

निघण्याआधी एक चाचणी, आणि ती दोन लागोपाठच्या दिवसांची. शनिवारी सकाळी आशेवाडीपर्यंत चौदा-पंधरा किलोमीटर जा, रामशेज चढा, उतरा, सायकलने परत या. मोगलांनी हा छोटा गड घ्यायला पाच वर्षांहून जास्त घालवली. तुम्हाला पाऊण तास पुरेल. रविवारी, अंग कितीही दुखलं तरी, ओढ्यापर्यंत जाऊन या. एक दिवस कसाबसा कुणालाही जमवता येतो. दुसऱ्या सकाळी सीटवर बसवतं का, तेवढंच मला बघायचं असतं. त्या रविवारी वहिनींचा गुडघा काय म्हणाला ते मला कळवा. अनकाईच्या माथ्यापर्यंत दोघांनी जायचं की त्यांनी लेण्यांपाशीच थांबायचं, ते त्यावरून ठरवू.